घोडा नवा, चाप जुना

नागपुरातल्या तमाम सुजाण नागरिकांना, आमच्या सर्व नातेवाइकांना आणि ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद आहे अशाही नातेवाइकांना अत्यंत गांभीर्यानं जाहीर करण्यात येतं की, आमच्या घरात एक पिस्तूल होतं. कृपया कोणीही घाबरून जाऊ नये. त्या पिस्तुलानं जन्मात एक माणूस मारला नाही, एक चिमणी मारली नाही. त्यानं फक्त एकदा, भर मैदानात, भर दुपारी, आमच्या अख्ख्या कुटुंबाची अब्रू घेतली, आणि तीही कोऱ्या, गोळी नसलेल्या काडतुसानं.

बाबा एका सरकारी कचेरीत कारकून होते. वर्षभर ते फायलींच्या मागे बसलेले असत आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. पण दिवाळी सरली, हवेत गारवा आला, शाळा-कॉलेजांच्या मैदानांवर चुन्याच्या रेषा उमटायला लागल्या, की बाबा स्टार्टर होत. शर्यतीच्या सुरुवातीला पिस्तूल उडवून पळणाऱ्यांना सोडणारा माणूस तो स्टार्टर. हे काम ते हौसेनं करत, मोबदल्यात चहा, बिस्किटं आणि एखादा नारळ घेऊन. स्टार्टरनं लाल कोट घालायचा असतो, म्हणजे तो लांबून दिसतो. नवा लाल कोट शिवणं आम्हाला परवडण्यासारखं नव्हतं, म्हणून बाबांनी एका बंद पडलेल्या लग्नाच्या बँडमधून एक कोट मिळवला. त्याच्या खांद्यांवरच्या सोनेरी झालरी आईनं उसवल्या, पण त्या जागचा रंग कमी उडालेला होता, त्यामुळे झालरी नसूनही दिसत. तो कोट घालून, पिस्तुलाची पेटी कॅरिअरला बांधून बाबा सायकलवरून निघाले की गल्लीतली पोरं ओरडायची, "आला रे, बँड आला!" बाबा चिडत नसत. एक हात सोडून बँडमास्तरासारखा हवेत फिरवत. मी मागून चालत असे. हळूहळू, अंतर ठेवून, आमचा काही संबंध नाही अशा चेहऱ्यानं. आज मी चार लोकांत उभी राहून याच कोटाची गोष्ट रंगवून सांगते आणि लोक पोट धरून हसतात. तेव्हा मात्र त्या कोटाचा लाल रंग थेट माझ्या कानांवर यायचा.

पिस्तूल जुनं होतं, विलायती होतं आणि देखणं होतं. ते बाबांना फर्नांडिस साहेबांनी दिलं होतं. हे रेल्वेतले निवृत्त गार्ड, बाबांच्या आधीचे स्टार्टर. नागपूर कायमचं सोडताना त्यांनी बाबांना स्टेशनवर बोलावलं आणि डब्याच्या खिडकीतून ती पेटी हातात ठेवली. त्या पिस्तुलाच्या चापावर, म्हणजे जिथं बोट ठेवून ओढतात तिथं, एक गुळगुळीत खळगा पडलेला होता. फर्नांडिस साहेबांच्या बोटाचा. बाबा त्या खळग्यात आपलं बोट ठेवत तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आमच्या घरी फक्त वंदनेच्या वेळी दिसायचं. रोज संध्याकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीपुढं वंदना झाली, की पेटी उघडायची, पिस्तूल तेलाच्या फडक्यानं पुसायचं आणि मग सराव. सराव म्हणजे माझा आणि पिस्तुलाचा, दोघांचा. मी शंभर मीटर पळायची, आणि बाबांचं म्हणणं असं की शंभर मीटरची शर्यत पायात नसते, सुटण्यात असते.

काडतूस घालून घरात सराव करता येत नव्हता. महाग पडायचं, शिवाय शेजारच्या काकूंना धडधडीचा त्रास होता. म्हणून रिकामं पिस्तूल. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर दोन्ही हात टेकून बसायची, परकर खोचून. अंगणात हौद, तिथवर पळायचं. मागे आई चुलीपुढं ज्वारीची भाकर थापत असायची. बाबा हात उंच करून, पोट आत ओढून म्हणायचे, "ऑन युवर मार्क्स!" मग "सेट!" आणि मग इतका वेळ थांबायचे की आई म्हणायची, "अवो, सोडा ना तिले! भाकर जळून राहिली, पाणी आणाले मले तिच्यावरून जाता येत नाही." मग घोडा पडायचा, टच्. घोडा म्हणजे पिस्तुलाच्या मागचा हातोडीसारखा तुकडा, जो काडतुसावर आपटतो. टच् झालं की मी सुटायची, माझ्या पुढून मांजर सुटायचं आणि आई भाकर उलटायची. आमचं सगळं घर त्या आवाजावर चालायचं. वांग्याच्या भाजीचा वास, तेलाच्या फडक्याचा वास आणि तो आवाज. अजूनही कुठं काही टच् वाजलं की माझी टाच उचलते. बँकेत शिक्का मारतात तेव्हासुद्धा.

तर, एका हिवाळ्याच्या तोंडावर घोड्याचा दात तुटला. घोड्याला आत एक खाच असते. घोडा मागे ओढला की चापाचं नाक त्या खाचेत अडकतं आणि घोडा तिथंच थांबून राहतो. चाप ओढला की नाक सुटतं आणि घोडा पडतो. एवढाच काय तो संसार. खाचेची कड तुटली, घोडा थांबेना, मागे ओढला की तसाच परत पडायचा. बाबा रात्री जेवले नाहीत. जिल्ह्याच्या निवडीच्या शर्यती तोंडावर आल्या होत्या.

सदर भागात बंदुकांचं एक दुकान होतं. मालक इस्माईलभाई, मेंदी लावलेली दाढी, आणि थापा मारण्यात मध्य भारतात पहिले. त्यांच्या दुकानातला प्रत्येक स्क्रू कुठल्या ना कुठल्या राजाचा असायचा. मी बाबांबरोबर गेले होते. त्यांनी एक खोका उपडा केला, त्यातून घोडेच घोडे पडले. काही काळे, काही गंजके, काही वाकडे. "ये देखो साहब, ये जिस पिस्तौल का है ना, उससे राजासाहब ने शेर मारा था." बाबा म्हणाले, "स्टार्टर पिस्तुलानं?" इस्माईलभाई क्षणभरच थांबले. "शेर छोटा था," म्हणाले. मग त्यांनी बाबांच्या पिस्तुलाच्या जातीचे तीन घोडे निवडून कापडात बांधून दिले, घरी लावून बघा, जमेल तो ठेवा. निघताना दारापर्यंत आले आणि म्हणाले, "एक बात सच्ची बोलू साहब? घोडा नया ले रहे हो तो चाप भी नया लो. दोनों एक घर के होना. पुराना घिस गया है, नये के साथ बैठेगा नहीं." बाहेर आल्यावर बाबा हसले. "पाहिलं का बेबी, एकाच्या जागी दोन विकून राहिला." ज्या माणसानं तासभर वाघ मारले, त्याची शेवटी सांगितलेली एक खरी गोष्ट कोण ऐकणार? शिवाय चाप बदलायचा म्हणजे फर्नांडिस साहेबांचा खळगा काढून डब्यात टाकायचा. ते बाबांच्यानं झालं नसतं.

त्या रविवारी आमच्या घरी पाहण्याचा कार्यक्रम झाला. वर्तमानपत्र अंथरून त्यावर तीन घोडे ओळीनं बसवले होते, अंग चोरून. आईनं पोहे केले होते, ते खरं म्हणजे बाबांसाठी, पण देखावा तसाच झाला. पहिला घोडा जाडा निघाला, खिळ्यावर बसेचना. दुसरा बसला, पण वाकडा पडायचा, काडतुसाला नीट भेटायचाच नाही. तिसरा काळाभोर, चकचकीत, तेल लावल्यासारखा, असा आत सरकला की बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले, "हा आपला जावई!" मी विचारलं, "पण बाबा, चापाशी जुळते का नाही, ते कसं पाहायचं?" बाबा म्हणाले, "जागेवर बसला ना? मंग जुळलं." आमच्या घरी पत्रिका बघत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतल्यावर घरातल्या सगळ्या पत्रिका चुलीत घातल्या आणि त्यावर चहा केला, असं सांगतात. त्यामुळे जुळवाजुळवीच्या बाबतीत बाबांचा सगळा भर नजरेवर. आई परातीतून मान वर न करता म्हणाली, "घरात येऊन बसला म्हणजे संसार जमला असं नसते जी." बाबांनी ते आपल्या अंगावर घेतलं आणि पोह्यांची बशी ओढली.

बाबांनी घोडा मागे ओढला, हात वर केला, चाप दाबला. कट्... टच्. पूर्वी एक आवाज यायचा, आता दोन येत होते. खाच नवी आणि खोल, नाक जुनं आणि झिजलेलं. नाक सरकत खाचेच्या काठापर्यंत यायचं, तिथं बारीकसं कट् वाजवून टेकायचं आणि मगच सुटायचं. मधलं अंतर म्हणजे पापणी लवावी एवढं. हे मला आज नीट सांगता येतं. तेव्हा फक्त ऐकू यायचं. मला, आईला आणि मांजराला. बाबांना यायचं नाही. इतक्या हिवाळ्यांचे बार उजव्या कानाशी उडवून तो कान बसला होता, आणि ते कबूल करण्यापेक्षा त्यांनी लोकांना "मोठ्यानं बोला, पुटपुटता काहून?" असं दरडावणं पसंत केलं होतं. आई एकदा म्हणाली, "अवो, हे आता दोनदा वाजते." बाबा म्हणाले, "तुले काय समजते वं त्यातलं? विलायती आहे ते." आईनं भाकर उलटली. मांजर मात्र हुशार. दोन-तीन दिवसांत ते पहिल्या आवाजाला पळायला लागलं. आणि मांजराच्या मागे राहणं माझ्या मानी स्वभावाला झेपणारं नसल्यामुळे मीही. बाबा खूश. "आता सुटायला शिकली माझी पोरगी! बंदुकीच्या आवाजातूनच निघते जशी!"

निवडीच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. मुलींच्या शंभर मीटरमध्ये पहिली येईल तिला जिल्ह्याच्या संघात जागा, आणि त्या जागेबरोबर नागपुरातल्या खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, जेवण आणि पुढचं शिक्षण. मला वसतिगृहाचं काय कौतुक? माझं घर मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मला हवा होता संघाचा निळा ट्रॅकसूट. तो घालून मी कोणकोणत्या गल्लीतून जाणार, हेसुद्धा ठरलेलं होतं. माझ्या शेजारच्या रेषेत वेणू होती. नरखेडकडच्या एका खेड्यातली, सडपातळ, काळी, अनवाणी. पहाटेच्या एसटीनं काकांबरोबर आली होती. तिच्या गावची शाळा सातवीपर्यंत, पुढं रोज एसटीनं जाऊन तिनं दहावी गाठली होती, आणि काका म्हणाले होते की आता जागा मिळाली तरच पुढचं. हे तिनंच मला सांगितलं, मैदानाच्या कडेच्या दोरीपाशी बसून संत्रं सोलता सोलता. अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं. "खाय ना. आमच्या बगीच्यातलं नाही, मालकाच्या बगीच्यातलं आहे, म्हणून गोड आहे," म्हणाली आणि स्वतःच खुदखुदली. मग लाल कोटाकडे बघून विचारलं, "तो बँडवाला कोण आहे वं?" मी म्हणाले, "कोण जाणे." संत्रं खरंच गोड होतं.

आणि आता बाबांच्या न्यायबुद्धीबद्दल. मुलगी ज्या शर्यतीत पळते तिथं बापानं पिस्तूल धरावं का, असं आदल्या दिवशी कोणीतरी कुजबुजलं होतं. ते बाबांच्या चांगल्या कानावर गेलं. त्यांनी घरी येऊन जाहीर केलं, "मी बेबीकडे पाहणारच नाही. बाकी सगळ्या पोरींकडे पाहीन. कोणाच्या बापाची हिंमत नाही मंग बोलायची." आणि ते खरोखर तसेच उभे राहिले. मी पहिल्या रेषेत, त्यांच्या कोपराशी, आणि त्यांची नजर माझ्या डोक्यावरून पलीकडे, वेणूपासून पुढं.

"ऑन युवर मार्क्स!" मैदान गप्प झालं. "सेट!" बाबांचं ते प्रसिद्ध थांबणं. कट्. मी सुटले. मला सुटलेली बघून माझ्या लगतची वेणू सुटली. मग ठो. लगेच दुसरा बार, म्हणजे परत या. आम्ही परत आलो. बाबांनी वेणूसमोर बोट नाचवलं, "नंबर दोन! आधी उठली. आता इशारा, पुन्हा झालं तर बाहेर." वेणूनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. मला वाटलं, बिचारी गावाकडची, घाबरली. मी तिला समजूतदारपणे मान हलवून धीरसुद्धा दिला. शपथेवर सांगते, मला ठाऊक नव्हतं. डोक्याला ठाऊक नव्हतं. पायांची शपथ मी घेत नाही.

पुन्हा बसलो. पुन्हा "सेट." पुन्हा कट्. पुन्हा मी, माझ्यामागे वेणू आणि तिच्यामागे ठो. बाबांनी परतीचा बार काढला आणि लाल बाही लांब करून मैदानाबाहेर बोट दाखवलं. वेणू हलली नाही. "मास्तरजी, मी हिच्या मागून उठली जी. ही उठली म्हणून उठली." बाबा म्हणाले, "हिचं सोड. तू पिस्तुलाच्या आधी उठली का नाही, तेवढं सांग." वेणूनं विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नसावी. "उठली जी." "मंग झालं तर. पिस्तूल कोणाचं नातेवाईक नसते." हे वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, आणि खरंच काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेणूनं झंपरवरचा नंबराचा कागद टाचण्या काढून सोडवला, त्याची नीट घडी केली, टाचण्या त्यात खोचल्या आणि ती घडी बाबांपुढं धरली. दोरीपलीकडे तिचे काका खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसत होते, पुसतच होते. बाबांनी कागद घ्यायला हात पुढं केला.

तेवढ्यात माझी आई बोलली. आई मैदानावर पहिल्यांदाच आली होती, आमचा डबा घेऊन, पदर डोक्यावरून घेऊन, दोरीला खेटून. ती घराबाहेर कधी मोठ्यानं बोलल्याचं कोणाला आठवत नाही. तिथवर तिला कट् ऐकू येणं शक्य नव्हतं. पण तिला ऐकायची गरजच नव्हती. उंबऱ्यावरून तिनं माझी पाठ रोज उठताना बघितलेली होती.

तिचं बोलून झाल्यावर काय काय झालं, ते आधी उरकून घेते. बाबांनी पिस्तूल उजव्या हातातून डाव्या हातात घेतलं, चांगल्या कानाशी नेलं, रिकामं होतं तेच, आणि चाप अगदी हळू ओढला. त्यांचा चेहरा मी बघितला. तो चेहरा मी कुठल्याच मैफिलीत रंगवून सांगत नाही. माणूस आपल्याच हाताखालून काही निसटताना बघतो तेव्हा जसा दिसेल, तसा तो होता. त्यांनी कोट काढला, उलटा केला, म्हणजे लाल बाजू आत जाईल, आणि वेणूचा कागद तिला परत देत म्हणाले, "लाव पोरी. चूक माझी आहे." शर्यत दुसऱ्या एका गृहस्थांनी शिट्टीवर सोडली. वेणू पहिली आली. माझा नंबर विचारू नये. तिला जागा मिळाली, ती शिकली, पुढं नोकरीला लागली. वसतिगृहात असताना ती सुटीच्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायची आणि बाबा आईला मुद्दाम पहिली भाकर तिच्याच ताटात वाढायला लावायचे. बँडवाला कोण, हे तिनं मला पुन्हा कधी विचारलं नाही. माझ्या त्या "कोण जाणे"ची मला आजही शरम वाटते, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवशी डबा तसाच परत आला. आम्ही तिघं ओळीनं चालत घरी आलो आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी मागे राहिले नाही, बाबाच मागे राहिले. दुसऱ्या दिवशी ते सदरला गेले, इस्माईलभाईंकडून घोडा आणि चाप एका घरचे घेऊन आले आणि जुना चाप आईच्या बटणांच्या डबीत ठेवला. तो आता माझ्याकडे आहे. खळगा तसाच आहे, बोट ठेवलं की बरोबर बसतं. पुढं प्रत्येक हंगामाच्या आधी ते आईला अंगणात उभी करत, दोन-तीनदा घोडा पाडून दाखवत आणि विचारत, "एकदाच वाजते ना वं?" ती म्हणाली "हो", तरच सायकल बाहेर निघे.

आमच्या घरात या प्रसंगाचा उल्लेख पुढं फार सभ्य शब्दांत होत असे. "तुझ्या आईनं पिस्तुलातला एक तांत्रिक दोष माझ्या लक्षात आणून दिला," असं बाबा म्हणत. पण ते आता नाहीत, आईही नाही, आणि खरं काय ते सांगायला मी एकटीच उरले आहे. तेव्हा आता ऐका. भरलेलं मैदान, गप्प झालेले लोक, वेणूचा पुढं केलेला हात, आणि दोरीवरून अर्धी आत वाकलेली माझी आई, डोक्यावरचा पदर घसरलेला, हातातला डबा माझ्याकडे रोखून:

"अवो, त्या लेकराले काहून बाहेर काढता? तुमचं पिस्तूल दोनदा वाजते, तुम्हाले एकदाच आयकू येते, अन् ही आपली पोरगी चोरावानी पयल्यालेच पळते!"